धवलारणीचा नवरा

"बंद कर तो," बाळाराम म्हणाला. "तिसरा धवला ऐकलाय मी. त्याच्यात काय बी न्हाय."

महादूने फोन बंद केला नाही. कशेळीच्या नाक्यावर त्याचं पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान आहे. टेबलावर एक मोटार पोट उघडून पडली होती, महादूच्या हातात तांब्याची तार होती आणि कोपऱ्यात फोनला जोडलेला छोटा स्पीकर लग्नातला धवला गात होता. महादूने तारेचा हात वर केला आणि डोळे मिटले.

"थांब रे. ह्या बग, आता. ओळ सुटली... हां! ऐकलास? बांगड्या वाजल्या."

"कसल्या बांगड्या?"

"वैनीच्या. ओळ संपते न, तिथं हात खाली येत असंल त्यांचा. दर टायमाला वाजतात. बाल्या, खोटा न्हाय सांगत, अंगावर काटा आला."

बाळारामच्या अंगावर काटा आला नाही, अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईबरोबर आपण उभा जन्म काढला, तिच्या हातातल्या बांगड्या कुठल्या ओळीला वाजतात हे या महादूने आपल्याला सांगायचं? आणि तेही डोळे मिटून? शिवाय बांगड्या वाजल्याच नव्हत्या. बाळारामने कान देऊन ऐकलं होतं. एक लांबचलांब, बसका, धूसर आवाज. शब्द एकात एक मिसळलेले. त्यापलीकडे काही म्हणजे काही नाही.

"तुना भास होतात," असं म्हणून तो उठला आणि चहा न घेताच निघाला. महादूच्या दुकानातून तो चहा न घेता कधी उठला नव्हता.

अल्बमच्या बाबतीत कशेळीत बाळारामचा शब्द शेवटचा. कॅसेटच्या जमान्यापासूनची ही पाटीलकी, कोणी दिलेली नाही, त्याने आपणहून घेतलेली आणि गावाने चालवून घेतलेली. तेव्हा तो भिवंडीच्या पॉवरलूम कारखान्यात जॉबर होता. लूम अडला की तो चालू करून द्यायचा, ही त्याची ड्युटी. शिफ्ट सुटली की तीनबत्तीच्या बाजारात जायचं, नवीन आगरी-कोळी गीतांची कॅसेट आली असेल ती घ्यायची आणि घरी आणून ऐकायची. ऐकायचीही एक रीत होती. पहिल्या बाजूच्या पहिल्या गाण्यापासून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यापर्यंत, मधलं एकही न गाळता. जो गाणी पळवतो त्याने तोंड उघडायचं नाही आणि जो पुरतं ऐकत नाही त्याने मत द्यायचं नाही. हा नियम त्याने स्वतःलाही कधी सोडला नव्हता. सख्ख्या मेहुण्याच्या ओळखीतला गायक असला तरी, "आदी ऐकतो, मंग सांगतो," हेच उत्तर.

त्याच्या मते जगातला सर्वांत मोठा अल्बम म्हणजे चांगदेव आणि पार्टीचा 'खाडीपल्याडची नवरी'. त्यातल्या तिसऱ्या गाण्यात ढोलकीवाल्याचा हात एका ठिकाणी चुकतो आणि पुढच्याच ओळीत तो धावत येऊन चांगदेवला गाठतो. "ती चूक काढली असती तर गाना मेला असता," असं बाळाराम हळदीच्या मांडवात बसून सांगायचा आणि नवरदेवाचे काकासुद्धा माना डोलवायचे. त्याच चांगदेवने पुढे 'नवरी निघाली विमानान' काढला. त्यात ढोलकीच्या जागी विजेच्या पेटीतली ढोलकी आणि वर कुठली कुठली तुतारी. बाळारामने ती कॅसेट पुरती ऐकली, नियम म्हणून, आणि मग तिची फीत काढून पाखरं उडवायला परसातल्या वालाच्या वेलांना बांधली. 'दर्याचा पाहुणा' सगळ्या तालुक्याने डोक्यावर घेतला, तर हा एकटा म्हणाला की गायक गात नाही, सर्दीने हैराण झालाय. महादूचा लाडका 'सांजचा तांडेल' त्याला रडूबाई वाटायचा. महादूला रडकीच गाणी आवडतात, त्यावरून तरुणपणापासून या दोघांची जुंपायची आणि त्यातच दोघांचं वय झालं.

गेल्या कितीतरी वर्षांत मात्र बाळारामला एकही अल्बम आवडला नव्हता. नवीन पोरं शब्द गिळतात, म्हणायचा. आवाजाला वरची धारच नाही, हंड्यात तोंड घालून गातात. जुन्यांपैकी कुठलाही लावा, 'खाडीपल्याडची नवरी' लावा, बघा कसा लखलखीत वाजतो. वय झालं की सगळेच असं बोलतात, म्हणून गावानेही ते मनावर घेतलं नव्हतं. त्याच्या घरच्या स्पीकरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं बटण कायम टोकापर्यंत फिरवलेलं असायचं. येणारेजाणारे कानावर हात ठेवायचे आणि हसायचे.

अशा माणसाच्या घरात अल्बम निघाला, आणि तो काढला बायकोने.

पार्वती धवलारीण. लग्नघरी हळद कांडण्यापासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीला धवला गावा लागतो, आणि तो गाणारी बाई भटाइतक्याच मानाची. पार्वतीने हे आपल्या आजीकडून घेतलं होतं. पंचक्रोशीतल्या किती लग्नांत ती गायली याचा हिशेब तिनेही ठेवला नव्हता. बाळारामच्या लेखी मात्र हे गाणं नव्हतं. ना ढोलकी, ना चाल बदलणं, विधी लांबला की गाणंही लांबतं. धवला सुरू झाला की स्पीकर बंद ठेवायची रीत असते, तेव्हा बाळाराम मांडवाबाहेर जाऊन तंबाखू मळायचा आणि स्पीकर परत कधी सुरू होतो याची वाट बघायचा. पार्वतीनेही कधी त्याची एक कॅसेट पुरती ऐकली नव्हती. दोघांचा संसार चांगला चालला होता.

मग त्याच्या बहिणीचा मुलगा कुणाल, ज्याने काल्हेरला एका गोडाऊनच्या माळ्यावर रेकॉर्डिंगचा स्टुडिओ टाकला होता, एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "मामी, तुमचे धवले रेकॉर्ड करू." बाळारामला वाटलं, भाचा सल्ल्याला आपल्याला घेईल. ठेवणीतला शर्ट घालून तोही गेला. कुणालने त्याला काचेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, हातात थंड्याची बाटली दिली आणि दार लावून घेतलं.

सगळी जवानी अल्बम ऐकण्यात घालवलेला माणूस काचेबाहेर, आणि एकही कॅसेट धड न ऐकलेली बाई आत माईकपुढे. बाळारामला त्या दिवशी बायकोचा जो हेवा वाटला तो त्याने कोणाला सांगितला नाही, पण वाटला तो भरपूर वाटला. आत काहीतरी वादही झाला. लूमच्या खडखडाटात माणूस माणसाला ऐकू येत नाही, तिथे ओठ बघून बोलणं ओळखायची सवय लागते, तशी बाळारामलाही होती. पण पार्वतीची त्याच्याकडे पाठ होती आणि कुणालच्या तोंडापुढे माईकची जाळी. कुणाल काहीतरी विनवत होता, पार्वती मान हलवत होती, आणि शेवटी भाच्याने हसत हात जोडले. "काय झाला आत?" त्याने परतताना रिक्षात विचारलं. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "काय न्हाय. पोरगा गुनी हाय."

अल्बम आला आणि बघता बघता पसरला. अंजूरपासून अंबाडीपर्यंत लोक तो हळदीला लावू लागले. ज्या पोरांना धवला म्हणजे कंटाळा वाटायचा तीच पोरं फोनवर त्याचे तुकडे करून टाकू लागली. बाळाराम आता एका मोठ्या गोडाऊनच्या गेटवर दिवसपाळीला बसायचा. ट्रक आत घेताना एक ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, वो गाना गानेवाली आपकी घरवाली है ना? बहुत सुकून है आवाज में." गेटवरच्या दुसऱ्या माणसाने कौतुकाने पुस्ती जोडली, "हां, ये उनकेच मिस्टर हैं." नाक्यावर तर त्याला नावच पडलं. धवलारणीचा नवरा. ज्याला लोक अल्बमवाले बाळारामशेठ म्हणायचे, तो आठवडाभरात कोणाचा तरी नवरा झाला.

आणि सगळ्यांच्या तोंडी त्या बांगड्या. बायका म्हणायच्या, बांगड्यांनी जीव ओतलाय. महादू तर दुकानात दुसरं काही लावतच नव्हता. महादूची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सून पुण्याला. एकटा माणूस दिवसभर आपल्या बायकोचा आवाज लावून बसतो, ही गोष्ट बाळारामच्या पोटात काट्यासारखी रुतली. संशय म्हणावा तर तसा संशय नव्हता, महादू कसा आहे हे त्याला ठाऊक होतं. पण महादूला जे मिळत होतं ते आपल्याला मिळत नव्हतं, आणि ते तर हक्काने आपलं होतं. त्याने अल्बम पुन्हा ऐकला. बटण टोकापर्यंत फिरवून ऐकला. बांगड्या सापडल्या नाहीत. मग त्याने स्वतःची समजूत घातली की सगळे एकमेकांचं ऐकून बडबडतात, आणि ही थाप पहिल्यांदा मारली ती महादूने.

पार्वती रोज जेवायला वाढताना समोर बसून विचारायची, "ऐकलात? कसा झालाय?"

"ऐकतोय. पुरता ऐकल्याबिगर सांगत न्हाय मी."

ती मान हलवायची. नियम तिलाही माहीत होता. पण विचारताना तिचे डोळे त्याच्या ताटावर नसून तोंडावर असायचे. गावाने वाहवा केली, सासरमाहेरच्यांनी केली, तरी हिला शेरा हवा होता तो बाळारामचा, कारण गाण्यातलं कळणारा माणूस म्हणून तिने आयुष्यभर त्यालाच ऐकलं होतं. हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो तिला ताटकळत ठेवत होता, आणि त्यात त्याला थोडं बरंही वाटत होतं. एवढी एक गोष्ट तरी अजून आपल्या हातात आहे, असं.

रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळापुढे महिला मंडळाने पार्वतीचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, कुणाललाही गुलाबाचं फूल. मंडळाच्या मनिषाताईंनी माईक हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता बाळारामकाकांनी दोन शब्द बोलावेत. आपल्या गावात गाण्यातलं कळतं ते काकांना. वहिनींच्या अल्बमबद्दल ते काय म्हणतात ते आपण ऐकू या."

टाळ्या पडल्या. पार्वतीने शाल सारखी केली आणि त्याच्याकडे बघितलं. बाळाराम उठला. समोर मागच्या रांगेत महादू बसला होता, तोंडभर हसत, जसा काही घरचाच सत्कार. ते हसू बघितलं आणि बाळारामच्या जिभेवरचा लगाम सुटला.

"खरा बोलू?" तो म्हणाला. "अल्बम ठीक हाय. पन शब्द कलत न्हाय. आवाजाला धार न्हाय. आनि ज्या बांगड्यांच्या नावानी गाव येडा झालाय, त्या बांगड्या हिच्या न्हायच. आमच्या भाच्यानी त्या कम्प्युटरमधनं भरल्यान. मी हिच्यासंगं जलम काढला. हिच्या बांगड्या कशा वाजतात ता मना म्हाईत, का बाहेरच्या मानसाला?"

शेवटचं वाक्य कोणासाठी होतं ते महादूला कळलं. त्याचं हसू मावळलं. पार्वतीने मान खाली घातली. लोकांत कुजबुज झाली आणि कुणाल बसल्या जागेवरून उठला. त्याला मामाचा अपमान करायचा नव्हता, पण कामावर आळ आलेलाही सहन होईना.

"मामा, मी काय भरला न्हाय. उलट मी मामीला बोललो होतो, बांगड्या काढा, माईक सगला पकडतो. मामीनी ऐकला न्हाय. बोलली, नवरा जिता हाय माझा, बांगड्या कशाला काढू? नको तुझा अल्बम, मी चालली घरी. मंग काय, राहू दिल्या. आता लोकांना त्याच आवडतात."

बायका खळखळून हसल्या, पार्वतीने पदर तोंडाला लावला. "लाव रे लाव, तिसरा लाव," कोणीतरी ओरडलं. कुणालने फोन मोठ्या स्पीकरला जोडला आणि तिसरा धवला देवळाच्या पटांगणात सुरू झाला.

बाळाराम माईकजवळ तसाच उभा होता, लोकांकडे तोंड करून. आवाज सुरू झाला तसा तो कान टवकारून ऐकू लागला. तोच बसका, धूसर आवाज. ओळ लांबली. आणि ओळ संपली तिथे समोरच्या सगळ्या माना एकदम हलल्या. पहिल्या रांगेतली आक्का, गावातली सगळ्यांत थकलेली म्हातारी, मांडीवर बोट आपटत होती. दुसरी ओळ संपली, पुन्हा त्याच क्षणी त्याच माना, तेच बोट. मनिषाताईंची हनुवटी. कडेवरचं एक पोर हसलं आणि स्पीकरकडे बघू लागलं. इतकी माणसं एकमेकांशी ठरवून थाप मारत नाहीत. पटांगणात काहीतरी वाजत होतं आणि ते ऐकू न येणारा तिथे एकच माणूस होता.

नवीन पोरं शब्द गिळत नव्हती. हंड्यात तोंड घालून कोणी गात नव्हतं. आणि 'खाडीपल्याडची नवरी' लखलखीत वाजत होता, कारण तो कानाने नव्हे, आठवणीतून ऐकला जात होता. लूमच्या खडखडाटात इतकी वर्षं काढली, तिथे वरचे सूर कधी राहून गेले ते कळलंच नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक अल्बमला आपण नावं ठेवली, त्या सगळ्या गायकांच्या बाजूने आज गाव माना हलवत होतं.

त्याने नजर वळवली तर महादू त्याच्याकडेच बघत होता. महादूला कळलं होतं. ओळ संपत आली तसा महादूने मांडीवरचा पंजा हळूच वर केला, कोणाला दिसणार नाही असा, आणि ओळ सुटताच बोट खाली आणलं. आता, असं. बाळारामला खूण करून देत होता. आजवर महादूचा जेवढा हेवा वाटला होता त्याच्या कैकपटीने तो आत्ता वाटला, कारण आता महादू त्याच्याशी भांडत नव्हता.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. "हां, वाजतात," एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. बाळारामने माईक मनिषाताईंच्या हातात दिला आणि देवळाच्या पायऱ्या उतरून घरी चालू लागला.

पार्वती थोड्या वेळाने आली. शाल घडी करून कपाटात ठेवली, आणि खाटेवर बसलेल्या नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. मग बोलली.

"जेवाचा हाय?"

बाळारामने तिच्याकडे बघितलं. ती नेहमी अशीच समोर येऊन बोलायची. चुलीपुढून उठून यायची, ओटीवरून आत यायची. ही उगाच पुढ्यात येऊन उभी राहते म्हणून तो कितीदा वैतागलाही होता.

"माझ्या मागं जा," तो म्हणाला. "मागं जाऊन कायतरी बोल."

"कशाला?"

"जा म्हनतोय न."

ती त्याच्या पाठीमागे गेली. बाळाराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. हमरस्त्यावरच्या ट्रकची घरघर त्याला येत होती. पंखा फिरत होता तोही कळत होता. बराच वेळ गेला.

"बोललीस?" त्याने मान वळवून विचारलं.

"बोलली."

"काय?"

पार्वती पुन्हा समोर आली. तिचे डोळे ओले होते. "ता आता जाऊ द्या," ती म्हणाली.

त्याने तिचा हात मनगटाशी धरला आणि हलवला. हिरव्या बांगड्या एकमेकींवर आपटलेल्या त्याला दिसल्या. नुसत्या दिसल्या. त्याने पुन्हा हलवला, जोरात, आणि पार्वतीने दुसऱ्या हाताने त्याचा हात धरून थांबवला.

"फुटतील."

"कवापासनं ठाव हाय तुना?"

"तुमी कारखान्यात होतात तवापासनं. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारायचा आनि तुमी बाजूला बसून पेपर वाचायचात."

"मंग सांगितलास का न्हाय?"

पार्वती खाली बसली, त्याच्या पायाशी, तोंड वर करून. "तुमी गान्याचे मानूस. तुमाना कसा सांगू? गाव तुमाना इचाराला यायचा. मना वाटला, चाललाय ता चालू दे." जरा थांबून ती म्हणाली, "पन मना वाटला होता, माझा आवाज तरी येल तुमाना. घरातलाच हाय म्हनून."

एवढे दिवस आपण हिला ताटकळत ठेवलं ते गुर्मीत, आणि ही वाट बघत होती ती वेगळ्याच आशेने. चारचौघांत जे बोललो ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

"चांगला झालाय अल्बम," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या."

"न्हाय, खरंच चांगला..."

"खोटा नका बोलू," पार्वती म्हणाली. आवाज चढवला होता की नाही ते त्याला कळलं नाही, पण ओठ घट्ट झालेले दिसले. "सगल्या जगाला न ऐकता एक शब्द सांगितला न्हाय तुमी. मनाच का असा फुकटचा देताव?"

ती उठून ताटं घ्यायला गेली. दोघं जेवले. त्या दिवशी तिने अल्बमचं विचारलं नाही आणि पुढेही ती विचारणार नाही हे त्याला समजलं.

दुसऱ्या दिवशी बाळारामने ड्युटीला दांडी मारली आणि नाक्यावर गेला. महादू एका मोटारीच्या खाचांत तारेखालचा कागद कोंबत होता. त्याला बघून महादूने घाईने स्पीकर बंद केला.

"बंद कशाला केलास?" बाळाराम म्हणाला. "लाव."

"बाल्या, काल जा झाला ता..."

"काल मी नालायकपना केला. तुना बी बोललो. ता मनात ठेवू नको." त्याने स्टूल ओढलं आणि महादूच्या बरोबर समोर, टेबलाच्या या बाजूला बसला. "आता पयल्यापासून लाव. आनि मना सांग."

"काय सांगू?"

"काय ऐकू येतो ता. सगला. पयल्या धवल्यापासून शेवटपर्यंत. मधला कायच गालायचा न्हाय."

महादूने हातातला कागद खाली ठेवला. "मंग वैनीना काय सांगशील?"

"आदी ऐकू तर दे."

महादूने हात पुसले आणि अल्बम सुरू केला. ट्रक जात होते, येत होते. बाळारामने कानाचा नाद सोडला आणि नजर महादूच्या ओठांवर ठेवली.

"पयल्यात घाबरल्यात जरा," महादू सांगू लागला. "आवाज पुढं येत न्हाय. दाराआडून गातात असा वाटतो. मंग हलदीचा नाव आला का सुटला आवाज. मोकला झाला."

"हललाय कुठं?"

"न्हाय. सरळ जातो. दम लांब हाय त्यांचा, तुझ्या चांगदेवला बी एवढा नव्हता."

"चांगदेवचा नाव काढू नको," बाळाराम चटकन म्हणाला. मग पुटपुटला, "बरा, असंल. पुढं."

दुसरा धवला झाला. महादूला शब्द सापडत नव्हते, तो हातवारे करत होता, आणि बाळाराम त्याला खोदून खोदून विचारत होता. आवाज जाड की बारीक? वर जाताना फाटतो की वळतो? दम घेते ती ओळीच्या आधी की मध्येच? महादू गाणं मागे घेऊन पुन्हा लावायचा, ऐकायचा आणि सांगायचा. आपल्या बायकोचा आवाज आपल्याला या माणसाच्या तोंडून मागून घ्यावा लागतोय, हे बाळारामला क्षणोक्षणी टोचत होतं. हेवा कमी झाला नव्हता. तो पोटात तसाच धरून बाळाराम एकेक शब्द टिपत होता.

तिसरा सुरू झाला. महादूने डोळे मिटले.

"सांग," बाळाराम म्हणाला.

"ओळ चाललीय... आता सुटंल. हां. पयली एकच वाजते. बारीक. मंग बाकीच्या तिच्यावर येतात, काच काचेवर घासावी तशा. मोठा आवाज न्हाय रे. कामात असलेल्या बाईचा हात जसा वाजतो न, भांडा उचलताना, पदर खोचताना, तसा. आपन भायेर बसलेलो असतो, काय बघत बी नसतो. नुसता कानावर येतो, आनि कलतो का घरात कोनतरी हाय..."

महादूने मान फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून पुढचं काहीतरी बोलत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

बाळाराम स्टुलावरून उठला. त्याने टेबलावरून हात पुढे केला, महादूची दाढीची खुंटं वाढलेली हनुवटी बोटांत धरली आणि हळूच आपल्याकडे वळवली.

"इकडं बगून बोल," तो म्हणाला. "ता मना ऐकू न्हाय आला."